बंदी नको, वाटाड्या हवा
(तृतीय वर्ष कला)

जुलै महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. पावसाळ्यात कोणाही विद्यार्थ्याने धबधबे, धरणे व डोंगरकडे ह्या ठिकाणी सहलीस जाऊ नये, गेल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी महाविद्यालयावर राहणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. कागदाभोवती घोळका जमला. कोणी हसले, कोणी चुकचुकले, आणि त्याच रविवारी त्या घोळक्यातले बरेचसे लोक कोठल्या ना कोठल्या डोंगरावर होते. मीही होतो. तेव्हा हा लेख निष्पाप माणसाचा उपदेश नसून एका गुन्हेगाराचा कबुलीजबाब आहे असे समजून वाचावा, ही नम्र विनंती.

ती सूचना काढणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आपल्या रायगड जिल्ह्याने पावसाचे जे रूप पाहिले आहे ते विसरण्याजोगे नाही. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव ह्या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ह्या घटना भटकणाऱ्यांच्या अपघाताच्या नव्हेत, घरात झोपलेल्या किंवा दारात उभ्या असलेल्या माणसांच्या आहेत. पण डोंगर तोच आणि पाऊसही तोच. हौशी लोकांची गोष्ट घ्यायची तर ७ जुलै २०२४ रोजी रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे धावू लागले आणि शिवरायांच्या राजधानीला आलेले पर्यटक भिंतीला धरून उभे राहिले. त्याच महिन्यात माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून मरण पावली. हे सारे वाचून कोणाही प्राचार्यांचा हात लेखणीकडे जाईल. जिल्हा प्रशासनानेही अलीकडच्या पावसाळ्यांत अनेक धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई हुकूम काढले, ते ह्याच काळजीपोटी.

परंतु बंदीने नेमके काय साधते, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. बंदीचा हुकूम जेथे पोलीस उभा असतो तेथे चालतो, आणि पोलीस उभा असतो डांबरी रस्त्याच्या कडेला. मग रस्त्यावरून दिसणारा धबधबा ओस पडतो आणि तरुण मंडळी मोबाइलवर दुसरा, आडवाटेचा धबधबा शोधून काढतात, जेथे पोलीस नाही, वस्ती नाही आणि हाक मारली तर ऐकणारेही कोणी नाही. शिवाय बंदी सर्वांना एकाच मापाने मोजते. धबधब्याखाली बाटल्या फोडणारा आणि चार मित्रांसह मुकाट्याने गड चढणारा हे दोघेही तिच्या लेखी सारखेच. आणि बंदी काही शिकवीत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. ‘जाऊ नका’ एवढेच ती सांगते. का जाऊ नये, केव्हा जाऊ नये, गेलोच आणि अडकलो तर काय करावे, ह्याबाबत ती मूग गिळून बसते.

आपण समुद्रकाठची मुले आहोत. समुद्राच्या बाबतीत आपले असे होत नाही. १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही, असा आज सरकारी नियम आहे. पण सरकार सांगो वा न सांगो, आपल्या कोळी बांधवांच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्याच असत, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावाचून त्या पाण्यात जात नसत. तेवढ्यावरून कोळ्याला कोणी भित्रा म्हटलेले नाही. आपल्यापैकी पुष्कळांना आजोबांनी शिकवलेले असते, की तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. उधाण कशाला म्हणतात आणि भांग कशाला म्हणतात, हे कळायला आपल्याला पुस्तक लागत नाही. म्हणून ओहोटीला पायी कुलाबा किल्ल्यात गेलेला अलिबागचा मुलगा वेळेवर परततो, आणि बाहेरगावचा पाहुणा आत फोटो काढीत राहून पाण्यात सापडतो. आपला मुलगा जास्त शूर असतो असे नव्हे. त्याला समुद्राची भाषा येते, इतकेच.

डोंगराची भाषा मात्र आपल्याला येत नाही. एस. टी.च्या खिडकीतून तो रोज दिसतो, पण ओळख तेवढीच. ह्या बाबतीत आपण आणि मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे एकाच पंक्तीचे. मला हे कोणी सांगून कळले नाही, फजिती होऊन कळले. ती फजिती येथे सांगतो.

आम्ही पाच मित्र त्या रविवारी सागरगडाला गेलो होतो. अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळ्याला उतरलो आणि चढू लागलो. वाटेत धोंडाण्याचा धबधबा कोसळताना पाहिला, सिद्धेश्वरापाशी थोडे बसलो, माची ओलांडून गडावर पोहोचलो. पुरंदरच्या तहात १६६५ साली महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले, त्यांत हाही एक होता, हे एकाने आठवणीने सांगितले. वर ढग इतके दाट होते, की समोरचा वानरटोकाचा सुळका क्षणभर दिसे आणि पुन्हा नाहीसा होई. खाली खाचरांत लावणी चाललेली होती. एकदा ढग फाटले आणि दूरवर राखाडी समुद्राची पट्टी दिसली. रोज ज्या किनाऱ्यावर आपण बसतो तो वरून इतका लहान दिसतो, हे पाहून आम्ही सारेच थोडा वेळ गप्प झालो. पावसाळ्यात डोंगरावर कशाला जायचे असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर त्या गप्प बसण्यात आहे. ते काही व्याख्यानात सांगता येणार नाही.

उतरताना तीन वाजले. सकाळी ज्या ओहळातून आम्ही घोटाभर पाण्यातून हसतखेळत आलो होतो, तो आता कमरेएवढा होऊन लालभडक पाण्याने घुसळत चालला होता. आम्ही उभे होतो तेथे पाऊस जवळजवळ थांबलेला होता, म्हणून आम्हाला ह्याचे नवलच वाटले. एकमेकांचे हात धरून साखळी करू आणि जाऊ, असे एकाने सुचवले. संध्याकाळची एस. टी. चुकली असती ना! सर्वांत उंच मित्राने पाय घातला. दुसऱ्या पावलाला तो कलंडला. पाठीवरची पिशवी गेली आणि तो आमच्या हाती लागला, हे त्याचे व आमचे नशीब.

तेवढ्यात वरच्या बाजूने माचीवरचे एक बाबा बैल घेऊन आले. त्यांनी आम्हाला पाहिले, पाणी पाहिले आणि म्हणाले, “थांबा. पानी आला तसा जाईल. घाई कुनाला हाय?” मग त्यांनी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि शेजारच्या दगडावर बसले. वर पठारावर पाऊस पडतो तेव्हा ओहळ फुगतो, खाली पडतो तेव्हा नव्हे. पाण्याला माती आली, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जाड झाला, की समजावे मागून लोंढा येतो आहे. आणि वर पाऊस थांबला की तासा-दोन तासांत पाणी काटकी सोडून खाली जाते. एवढे सारे त्यांनी तुटक तुटक दहा-बारा वाक्यांत सांगितले. दोन तासांनी पाणी काटकीपासून हातभर खाली गेले आणि त्यांनी आम्हाला एकेक करून पार केले. आम्ही वर्गणी काढून शंभर रुपये पुढे केले. त्यांनी नोट घेतली, नीट घडी घालून ठेवली आणि म्हणाले, “सकालीच इचारला असता तं बरा झाला असता.”

मित्रहो, मला जे म्हणायचे आहे ते सारे ह्या एका वाक्यात आले. आम्ही त्यांच्या वाडीवरून सकाळी गेलो होतो. मोबाइलला वाट विचारली, पण दारात बसलेल्या माणसाला विचारले नाही. पुढे भूगोलाच्या पुस्तकात डोके घातले, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ अधिक उलगडला. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा. त्याच्या उतारांवर मातीचा थर पातळ, पाणलोट लहान आणि उतार तीव्र. त्यामुळे पडलेले पाणी मुरायला थांबत नाही, ते मिनिटांत ओहळात उतरते. जे ओहळाचे, तेच मोठ्या प्रमाणावर नदीचे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरी. २२ जुलै २०२१ च्या आगेमागे तेथे चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस पडला आणि पुरात बुडाले महाड. ‘वरचा पाऊस पाहा’ हे बाबांचे सूत्र ओहळापासून नदीपर्यंत सगळीकडे खरे आहे.

येथे कोणी म्हणेल, गावकऱ्यांचे ज्ञान इतके थोर, तर इर्शाळवाडी कशी गेली? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इर्शाळगडाच्या पोटातली ती ठाकरांची वस्ती. गडावर जाणारे भटके तिच्यातूनच पुढे जात. पिढ्यान्‌पिढ्या डोंगर ओळखणारी ती माणसे होती, तरी त्या रात्री त्यांना सावध व्हायला अवधी मिळाला नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. डोंगराचे पूर्ण ज्ञान कोणालाच नसते, हाच त्याचा अर्थ. वाटाड्या बरोबर घेतला म्हणजे यमाला पाठ दाखवली असे नव्हे. पण ज्याला थोडे कळते त्याला सोडून काहीच न कळणाऱ्याच्या मागे जाण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

त्याच रात्रीची दुसरीही एक बाजू आहे. वाडीला गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारी यंत्रे वर चढू शकली नाहीत. माणसेच पावसात, चिखलात, अंधारात चढली. कुदळी-फावड्यांनी खणत राहिली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढता चढताच हृदयविकाराने गेला. सरकारी जवानांच्या बरोबरीने आसपासचे गिर्यारोहक तेथे होते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला, तेव्हाही दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहकच. म्हणजे ज्या पायांना आपण जुलैत बंदी करतो, त्याच पायांना आपण जुलैतच मदतीला बोलावतो. हे पाय पावसात चालायला शिकलेच नाहीत, तर बोलावल्यावर येणार कोण?

पावसात चालणे आपल्या संस्कृतीला परकेही नाही. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, हे खरे. पण ऐन आषाढात पंढरीची वाट चालणारे वारकरीही आपलेच. फरक असा, की वारीत मुक्काम ठरलेले असतात, दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि मागे राहिलेल्याची चौकशी होते. शिस्तीने चाललेल्या पावलांना पावसाचा अडथळा होत नाही. बेशिस्त पावलांना मात्र वैशाखातही धोका आहे.

म्हणून माझी गुरुजनांना विनंती आहे, की पुढच्या वर्षी तो कागद जरूर लावावा, पण त्याच्या शेजारी दुसराही एक लावावा. जूनमध्ये एखाद्या शनिवारी भूगोलाच्या सरांनी आम्हाला दोन तास डोंगर आणि पाऊस शिकवावा. चोवीस तासांत २०४ मिलीमीटरच्या वर पाऊस म्हणजे काय, हवामान खात्याच्या लाल इशाऱ्याच्या दिवशी घरीच का बसावे, जमिनीला ताजी भेग दिसली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले तर तेथून का निघावे, हे परीक्षेत येत नाही. म्हणूनच ते शिकवायला हवे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी सागरगड, अवचितगड, घोसाळगड अशा जवळच्या गडांखालच्या वाड्यांत जाऊन वाट दाखवायला तयार असलेल्यांची नावे आणि दिवसाची मजुरी लिहून आणावी. ही मजुरी म्हणजे उपकार नव्हे. लावणीच्या दिवसांत त्या माणसाचा दिवस मोडतो, त्याची ती किंमत आहे. आमच्या बाबांचा अर्धा दिवस आम्ही शंभर रुपयांत मोडला, ह्याची मला आजही लाज वाटते.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न राहतोच, आणि तो प्राध्यापकांवर ढकलणे योग्य नाही. ती आमची. ग्रंथालयातल्या वहीत नावे, वाट आणि परतण्याची वेळ लिहूनच जायचे. दहा-बाराहून अधिक जणांनी एकत्र जायचे नाही. कड्याच्या टोकावर फोटो नाही, बाटल्या नाहीत. आणि वाटाड्याने ‘माघारी फिरा’ म्हटले की तेथूनच फिरायचे, गडाचा दरवाजा पन्नास पावलांवर असला तरी. एवढे बंधन ज्याला जड वाटते त्याने खुशाल समुद्रकिनारी भुट्टा खावा.

रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्या धाडसाचे गोडवे गातो. पण ती गडाखालच्या गावची होती आणि गोष्ट सांगते की ती कोजागिरीला उतरली, आषाढात नव्हे. धाडसाचा हा अर्धा भाग आपण विसरलो आहोत. तो आठवायचा असेल तर पुढच्या जूनमध्ये गड चढण्यापूर्वी पायथ्याच्या पहिल्या घरापाशी थांबू या आणि सकाळीच विचारू या.