प्रश्न विचारणारे मूल कोणाला हवे आहे?

गेल्या पावसाळ्यात जिल्हा परिषदेच्या एका दोन शिक्षकी शाळेत गेलो होतो. चार इयत्ता, दोन खोल्या; त्यातली एक गळकी. तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, गोगलगाय शंखासकटच जन्मते का?" गुरुजी माहितीचा तक्ता भरीत होते. तो दुपारपर्यंत पाठवायचा होता. "नंतर सांगतो हं," ते म्हणाले. माणूस सालस होता. त्याच्यापाशी वेळ नव्हता, इतकेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार, संवाद, सहकार्य हे सारे शब्द आहेत. त्यांना कोण विरोध करील? पण या गोष्टींसाठी वेगळी तासिका लागते आणि श्रीमंत शाळा लागते, हे दोन्ही समज मला चुकीचे वाटतात.

पुरावा शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या गटाने प्रयोग करीत, निष्कर्षावरून वाद घालीत, चुकले तर पुन्हा करून पाहत. चौघांत सामान एकच असले की सहकार्याचा निराळा धडा लागत नाही. उरलेल्या शंका मुले 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्राने कळवीत.

हे साधले ते महागड्या प्रयोगशाळेमुळे नव्हे. शिक्षक दरमहा एकत्र बसून आपल्या अडचणी मांडीत आणि परीक्षा पुस्तक उघडे ठेवून, प्रयोगांसह होत असे. पाठांतराला गुणच नसतील तर घोकंपट्टी कोण करील?

२००२ मध्ये राज्य सरकारने हा उपक्रम बंद केला. तीस वर्षांची मशागत एका निर्णयाने संपली.

म्हणून धोरणातल्या शब्दांपेक्षा मला दोन साधे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. शिक्षकाच्या टेबलावरचे तक्ते कमी होणार का? आणि परीक्षेत मुलाच्या प्रश्नाला जागा मिळणार का? तसे होणार नसेल, तर कुतूहल हा वेळापत्रकातला आणखी एक विषय ठरेल आणि त्याचाही एक तक्ता भरावा लागेल.

गोगलगाय अंड्यातून शंखासकटच बाहेर येते. त्या मुलीला हे कोणी सांगितले की नाही, कोण जाणे. ती पुन्हा विचारील का, हा घोर मात्र मला अजून आहे.