सिलिंडरचा काटा आणि ८.३१४

घरी ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवावा लागणाऱ्या कुटुंबाला रोज रात्री एकच प्रश्न पडतो: सकाळपर्यंत पुरेल ना? उत्तर बारावीच्या पुस्तकात आहे, पण आपण ते तिथे शोधत नाही. तिथे फक्त ८.३१४ हा आकडा पाठ करतो.

घरगुती वापराचा ‘बी टाइप’ सिलिंडर पाण्याच्या मापाने साधारण १० लिटरचा असतो आणि तो सुमारे १५० बार दाबाने भरतात. म्हणजे बाहेरच्या दाबाला तो १५०० लिटर ऑक्सिजन झाला. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर पाच तास. काटा ७५ वर आला की अडीच तास, आणि दुसऱ्या सिलिंडरची सोय त्याच्या बरीच आधी व्हायला हवी. एवढ्या दाबाला ऑक्सिजन ‘आदर्श वायू’सारखा तंतोतंत वागत नाही, पण फरक काही टक्क्यांचाच.

हा हिशेब जुळतो कारण दाब गुणिले आकारमान म्हणजे मोलसंख्या, वायू स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार. सिलिंडरचे आकारमान ठरलेले, स्थिरांक तर स्थिरच. खोलीचे तापमान फारसे बदलले नाही, तर काटा थेट उरलेला वायूच मोजतो. सिलिंडर उन्हात २७ अंशांवरून ५७ अंशांवर तापला तर काटा दहा टक्के वर चढेल. केल्विनमध्ये ते ३०० वरून ३३० झाले. ऑक्सिजन मात्र एक श्वासही वाढलेला नसतो.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला ही युक्ती लागू नाही. तिथे आत बराचसा द्रव असतो आणि तो संपेपर्यंत, तापमान तेच असेल तर, दाब जवळपास तसाच राहतो. म्हणून तो वजनावर विकतात, १४.२ किलो.

मुलांचा गोंधळ होतो तो दुसरीकडे. एका गणितात ८.३१४, दुसऱ्यात ०.०८२१, मग हा कसला स्थिरांक? स्थिरांक तोच, पहिला जूलमध्ये मांडलेला, दुसरा लिटर-ॲटमॉस्फिअरमध्ये. हे वर्गात एकदा सांगायला पाच मिनिटे पुरतात. २० मे २०१९ पासून बोल्ट्झमन आणि ॲव्होगाड्रो स्थिरांकांच्या किमती व्याख्येनेच पक्क्या झाल्या, आणि वायू स्थिरांक हा त्यांचाच गुणाकार. त्यामुळे आता त्यात मोजमापाची चूकही उरलेली नाही.

परीक्षेत त्याची किंमत विचारण्याऐवजी काटा ६० वर आहे, मिनिटाला २ लिटर लागतो, किती वेळ उरला, हे विचारा.