हप्ता बदलून मागण्याचा हक्क

२०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या महू गावच्या एखाद्या कुटुंबाने वीस वर्षांच्या मुदतीचे २५ लाखांचे गृहकर्ज ६.७ टक्के दराने घेतले असेल, तर त्याचा हप्ता १८,९३५ रुपयांच्या आसपास बसला असणार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. रेपोशी जोडलेले हे कर्ज त्यामुळे ९.२ टक्क्यांवर गेले. या दराने २५ लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच १९,१६७ रुपये होते, म्हणजे जुन्या हप्त्याहून जास्त. वर्षभरात साठ हजारांचे मुद्दल फिटले असे धरले, तरी त्या हप्त्यातून पुढे मुद्दलापोटी महिन्याला जेमतेम अडीचशे रुपये जमा होतात. दर वाढले तेव्हा पगार काही त्या वेगाने वाढले नाहीत. जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातला कामगार किंवा सैन्यातून निवृत्त होऊन पेन्शनीच्या भरवशावर घर बांधणारा जवान अशा वेळी बँकेत जातो, तो कर्ज बुडवायला नव्हे; ते फेडता येईल असे बांधून द्या, एवढेच मागायला. हा अर्ज ठरलेल्या दिवसांत तपासून कारणांसह निकाल देणे आणि तोवर घराला हात न लावणे, हे बँकेवर बंधनकारक असले पाहिजे. आज तसे बंधन नाही.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारणे बँकांना भाग पाडले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने दंडव्याजाची पद्धत बंद केली. पण पहिले परिपत्रक दरातल्या बदलापुरते आहे. नोकरी गेली, कमावता माणूस अंथरुणाला खिळला, दुकान बसले, तर हप्ता कमी करून मिळणे हे पूर्णपणे बँकेच्या मर्जीवर राहते. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीवर हरकत घेता येते, बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. मात्र त्या उत्तराविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येणार नाही, असे कायद्याने त्याच पोटकलमात लिहून ठेवले आहे. दाद मागायची ती बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यावर, पंचेचाळीस दिवसांच्या आत. मध्य प्रदेशापुरते ते न्यायाधिकरण आहे जबलपूरला, महूपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. कागद ऑनलाइन पाठवता येतात हे खरे, पण वकील, तारखा आणि फी यांचा खर्च हप्ता चुकलेल्या माणसाच्याच खिशातून जायचा असतो.

अर्ज तपासण्याच्या बंधनाला पहिली हरकत अशी की बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा; सवलतीचे दार उघडले की ज्याला परवडते तोही हप्ता थांबवेल. ही भीती निराधार नाही. पण ऐपत तपासता येते. पगाराची स्लिप, खात्याचा उतारा, आयकर विवरण बँकेने कर्ज देताना घेतलेलेच असते. तेच पुन्हा मागवून खऱ्या अडचणीचा आणि बनवाबनवीचा फरक करता येईल. शिवाय लिलावात घराला सहसा बाजारभाव मिळत नाही, म्हणून मुदत वाढवून पूर्ण वसुली झाली तर त्यात ठेवीदाराचेही हित आहे. मग बँका टाळाटाळ का करतात? माझ्या मते मुख्य कारण हिशेबाच्या नियमांत आहे. अडचणीतल्या कर्जदाराच्या अटी सैल केल्या की ते खाते सर्वसाधारणपणे लगेच अनुत्पादित वर्गात टाकावे लागते आणि संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. शाखाधिकाऱ्याने माणुसकी दाखवली तर त्याच्याच शाखेचा ताळेबंद बिघडतो. करोनाकाळात, ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेने हा नियम तात्पुरता शिथिल केला, तेव्हा वैयक्तिक कर्जांचीही पुनर्रचना झाली. म्हणजे नियम बदलता येतो.

दुसरी हरकत करारनाम्याची. सही केली आहे, आता अटी पाळा. महाराष्ट्राने हा वाद दीडशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचा उठाव पसरला आणि ठिकठिकाणी सावकारांची कर्जखते जाळली गेली. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. न्या. रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. सही केलेली होती, तरी हिशेब उघडता येत होता. त्या कायद्यातही पळवाटा निघाल्या आणि सावकारांनी कर्ज देताना हात आखडता घेतल्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून तो जसाच्या तसा आणा असे मी म्हणत नाही. निकाल लागेपर्यंत घराला हात न लावण्याचा नियमही अशक्य नाही. अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटात बँकेचा एक विभाग अर्ज तपासत असताना दुसरा लिलावाची तयारी करत असे. जानेवारी २०१४ पासून तिथल्या नियमाने, पूर्ण भरलेला अर्ज वेळेत आला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत लिलाव रोखला.

आपल्याकडे मोठ्या कंपन्यांसाठी २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. तिच्यात बँका एकत्र बसून थकलेल्या कर्जाचा तोडगा काढतात आणि पुष्कळदा मोठी रक्कम सोडतात. त्याच संहितेच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठीही परतफेडीची योजना मांडण्याची तरतूद आहे. संसदेने ती मंजूर केली, पण डिसेंबर २०१९ मध्ये ती लागू झाली केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरती. पीथमपूरमधल्या कारखान्याच्या मालकाने हमी दिली असेल तर त्याला ही वाट खुली आहे. त्याच कारखान्यातल्या, महूत घर घेतलेल्या फिटरला ती अजून बंद आहे, आणि ती उघडायला नवा कायदा लागत नाही, केंद्र सरकारची अधिसूचना लागते.