काखेत कळसा



‘प्रवास’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? कुणाला काश्मीरचा बर्फ दिसतो, कुणाला आग्ऱ्याचा ताजमहाल, तर कुणाला दुबईच्या उंच इमारती. एवढ्या लांब जायला पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न लगेच पुढे येतो आणि ‘प्रवास हा श्रीमंतांचा शौक आहे’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो.

मला हे पटत नाही. प्रवासाची आवड पैशाने विकत मिळत नाही. ती आधी घराजवळ लागते आणि मग माणसाला दूर घेऊन जाते. मराठीत एक म्हण आहे, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा.’ वस्तू आपल्याजवळच असते आणि आपण ती गावभर शोधत फिरतो. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही म्हण अगदी लागू पडते.

अलिबागच्या दक्षिणेला चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. चौल हे फार जुने बंदर. बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास येथे आला होता. अरब लोक या गावाला ‘सैमूर’ म्हणत. ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन याच चौलला उतरला. त्याचे स्मारक आज रेवदंड्याला आहे. जे गाव पाहायला लोक समुद्र ओलांडून आले, ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

मी बी.एड. करीत असताना मला इतिहासाच्या एका पाठासाठी चौलची माहिती हवी होती. पुस्तकात चार ओळी होत्या. अब्बा म्हणाले, “चल, एस.टी.ने जाऊन येऊ.” नारळी-पोफळीच्या बागांमधून चालत आम्ही जुना हमामखाना पाहिला, रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी पाहिली. मग कुंडलिका खाडी ओलांडून कोर्लईला गेलो. पोर्तुगीज १७४० मध्ये येथून गेले, पण कोर्लईतील काही घरांत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही बोलली जाते. त्या दिवशी घरी परतल्यावर मला झोप येईना. पुढच्या रविवारी कुठे जाता येईल, याचाच विचार मनात चालू होता. मला प्रवास आवडतो, हे मला त्या एका दिवसाने सांगितले.

जवळचा प्रवास डोळ्यांबरोबर डोक्यालाही काम देतो. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तेथे चालत जाता येते. ओहोटी केव्हा येणार? किनाऱ्यावरचे लोक सोपा हिशेब सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चांदच्या तारखा पाळणाऱ्या घरांतील मुलांना हे गणित पटकन समजेल. तरीही तेथील माणसाला विचारल्याशिवाय आणि मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचे मंदिर आहे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे.

मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे नावच पाहा. ते अरबी ‘जझीरा’वरून आले, जझीरा म्हणजे बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा जलदुर्ग लढाईत कुणाला जिंकता आला नाही. बंदर, खलाशी, मुक्काम, मुसाफिर हे शब्द तुम्ही उर्दूत वापरता आणि मराठीतही वाचता. माणसांबरोबर शब्दांनीही प्रवास केला आहे. म्हणून होडीवाल्याशी, कंडक्टरशी, बागेतल्या आजीशी मराठीत बोला. चुकले तरी बोला. वर्गात महिनाभरात येणार नाही तेवढी भाषा एका सहलीत येते.

काही मोठी माणसे म्हणतात, “आपल्याला प्रवासाचे काय कौतुक? घरटी एक माणूस आखाती देशात किंवा जहाजावर आहे.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पोटासाठी केलेल्या प्रवासात कष्ट असतात आणि घराची आठवण असते. पण आपल्याच जिल्ह्यातील पेण तालुक्यात वरसई गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पोटासाठीच उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते आणि दक्षिणा मिळवायची होती. वाटेत ते उठावात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी स्वतः पाहिला. मिळवलेला पैसा लुटला गेला. परंतु जे पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले आणि ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. पैसा गेला, पाहिलेले मात्र राहिले. तेव्हा तुमचे अब्बा किंवा चाचा सुट्टीत घरी आले की ‘काय आणले?’ या प्रश्नाबरोबर ‘काय पाहिले?’ हेही विचारा. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. विचारणारे कुणी नसते.

एक गोष्ट पालकांसाठीही लिहिते. शाळेची सहल ठरली की मुलांची नावे भराभर येतात, मुलींची मात्र थोडीच येतात. काळजी मी समजू शकते. ती दूर करायची असेल तर सोबत शिक्षिका असाव्यात, जागा जवळची असावी आणि संध्याकाळी घरी परत यावे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. वाट सोपी झाली आहे. आता परवानगी तेवढी हवी. ज्या मुलीने शेजारचे गाव पाहिले नाही, तिला उद्या कॉलेजसाठी एकटीने बसमध्ये चढताना भीती वाटणारच.

उर्दूत आपण म्हणतो, ‘सफर वसीला-ए-जफर है.’ प्रवास हे यशाचे साधन आहे. त्याची सुरुवात या महिन्यातच करा. घरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली, आजवर न पाहिलेली एक जागा निवडा. मोठ्यांबरोबर तेथे जा, तीन माणसांशी बोला आणि एक पान मराठीत लिहा. ते पान वर्गात वाचून दाखवा. तुमच्या शेजारच्या बाकावरील मुलाला किंवा मुलीला तेथे जावेसे वाटले, तर तुमचे पान उत्तम झाले असे समजा.