कायदा कोठडीतच का शिकायचा?

गेल्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चालला होता. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मुलाने बारावीनंतर तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घ्यायचं ठरवलं. विषय निवडला ‘क्रिमिनल जस्टिस’, म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास. दोन वर्षं तिथं शिकायचं आणि मग शहरातल्याच जॉन जे कॉलेजात जाऊन चार वर्षांची पदवी पुरी करायची, असा त्याचा बेत.

खेडच्या चाचांनी लिहिलं, “अमेरिकेत जाऊन आयटीआय करणार काय?” दुबईतल्या एका भावानं लिहिलं, “पोलीसच व्हायचं होतं तर इथली भरती काय वाईट होती?” तिसऱ्या एकाचा शेरा सगळ्यात कडू होता, “जे आपल्या मशिदीत खबरे पाठवतात, त्यांच्याच पंगतीला बसणार हा?” तरावीह झाल्यावर बहिणीचा फोन आला. रडवेल्या आवाजात म्हणाली, “भाईजान, लोकांना सांगू काय? सगळ्यांची मुलं डॉक्टर, इंजिनियर झाली.”

हे तिन्ही आक्षेप फक्त आमच्या घरातले नाहीत. आपल्या समाजात ते घरोघरी ऐकू येतात, म्हणून त्यांना जाहीर उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

दोन वर्षांच्या कॉलेजची लाज कशाला?

आधी चाचांचा आयटीआय. आयटीआय ही शिवी आहे, असं आपण कधी ठरवलं? आखातात गेलेल्या ज्या हातांनी कोकणातली निम्मी गावं उभी केली, त्यातले कितीतरी हात वेल्डरचे आणि फिटरचे होते. पण तो मुद्दा बाजूला ठेवू, कारण कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय नव्हे.

अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक दोन वर्षांचं कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथं निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगानं अशी कॉलेजं देशभर काढावीत अशी शिफारस केली. कल्पना साधी होती. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षं घराजवळ, स्वस्तात आणि प्रवेशाची चाळणी न लावता शिकता यावीत. आज कॅलिफोर्नियात अशा कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांची ६० युनिटं झाली २,७६० डॉलरची. तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत एका वर्षालाच याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. दिवसा दुकानात काम करणारा, दोन मुलांची आई, नुकता देशात आलेला निर्वासित, असे सगळे एकाच वर्गात बसतात. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ज्यांच्यासाठी दार उघडं ठेवून आहे, तीच ही माणसं.

मग या रस्त्यात खोट नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. पण आमच्या ग्रुपवर तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण सगळ्यांना चिंता होती ती इज्जतीची.

खोट अशी. कम्युनिटी कॉलेजात येणारे बहुसंख्य विद्यार्थी पुढं पदवी घ्यायची म्हणून येतात. प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांशच चार वर्षांच्या कॉलेजात पोचतात, आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती पडते ती शंभरातल्या सोळा जणांच्या आसपास. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया जातात असं दिसलं. म्हणजे पैसे भरून, परीक्षा देऊन पास झालेला विषय नव्या ठिकाणी मोजलाच जात नाही.

क्रिमिनल जस्टिसमध्ये हा फटका जास्त बसू शकतो. या विषयात दोन वर्षांच्या दोन तऱ्हेच्या पदव्या मिळतात आणि नावं इतकी सारखी की नवख्याला फरक कळत नाही. एक थेट नोकरीसाठी असते. तिच्यात गस्त, अहवाललेखन, तुरुंगाचं कामकाज असे विषय भरलेले असतात, आणि विद्यापीठं ते मोजायला अनेकदा तयार नसतात. दुसरी पुढच्या शिक्षणासाठी असते. तिच्यात इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, राज्यघटना हा पाया असतो. त्यातही एक मेख आहे. विद्यापीठ म्हणतं, “तुमची साठही क्रेडिटं आम्ही घेतली,” पण त्यातली निम्मी ‘ऐच्छिक’ या खात्यात टाकतं. मुख्य विषयासाठी ती उपयोगाची नसतात, आणि मुलाला तेच विषय पुन्हा पैसे भरून शिकावे लागतात. आमच्याच नात्यातल्या एका मुलीचं असं सबंध वर्ष गेलं. कॉलेजच्या सल्लागारानं तिला एकदाही सावध केलं नव्हतं.

यावर इलाज निघाले आहेत. कॅलिफोर्नियानं २०१० मध्ये कायदाच केला. ठरलेली हस्तांतरणाची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत जागा मिळते आणि उरलेल्या ६० क्रेडिटांत पदवी पुरी करता येते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत सात कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथल्या न्यायविषयक अभ्यासक्रमांना जॉन जे कॉलेजशी जोडणारी ‘जस्टिस अकॅडमी’ नावाची व्यवस्था आहे. आमचा भाचा त्याच वाटेनं निघालाय. त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्न “लोक काय म्हणतील?” हा नव्हेच. “तुझा प्रत्येक विषय पुढं मुख्य विषयात मोजला जाणार, हे लेखी घेतलंस का?” असं विचारायला हवं. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट बँक आली आहे. इथल्या पालकांनीही हा प्रश्न आजपासून पाठ करून ठेवावा.

हा विषय म्हणजे पोलीस भरती नव्हे

दुसरा आक्षेप पोलिसगिरीचा. तो पन्नास वर्षांपूर्वी घेतला असता तर मी मान डोलावली असती. १९६८ साली अमेरिकेत गुन्हेनियंत्रणाचा मोठा कायदा झाला. पोलिसांनी शिकावं म्हणून केंद्र सरकारनं कर्ज आणि अनुदान वाटायला सुरुवात केली. पैसा दिसताच कॉलेजांनी भराभर अभ्यासक्रम काढले. आजी-माजी पोलीस शिकवायला बसले आणि शिक्षणाच्या नावाखाली प्रशिक्षण चालू झालं. १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं या प्रकारावर कडक टीका केली. पोलिसाला संकुचित कसबापेक्षा व्यापक शिक्षणाची गरज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जॉन जे कॉलेजसुद्धा १९६४ मध्ये ‘पोलीस सायन्स’ या नावानं सुरू झालं. पुढं नावातून पोलीस गेला आणि न्याय आला.

हा फरक नुसत्या पाटीचा नाही. आज चांगल्या कॉलेजात या विषयाचा विद्यार्थी झडती आणि जप्तीवर घटनेनं घातलेल्या मर्यादा शिकतो. आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे हे चौकशीआधी सांगितलंच पाहिजे, असं १९६६ च्या मिरांडा खटल्यात का ठरलं, ते वाचतो. जामीन कुणाला मिळतो, शिक्षा कुणाला जास्त होते, तुरुंगात कोण भरलेलं असतं, याची आकडेवारी तपासायला शिकतो. यातून कुणी पोलीस होतो, तर कुणी प्रोबेशन अधिकारी. कुणी न्यायालयात नोकरी करतो, कुणी गरीब आरोपींच्या सरकारी वकिलासाठी तपास करतो, कुणी पुढं कायद्याची पदवी घेतो. अठराव्या वर्षी कुणाचं काय होणार हे ठरलेलं नसतं. पोलीस ठाण्याच्या दारात उभं राहिल्यावर आपले हक्क कोणते, हे मात्र त्याला पहिल्या वर्षातच कळतं. आपल्या किती पदवीधरांना कळतं?

ज्यांनी पाळत ठेवली, त्यांचं काय?

आता तिसरा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यातली जखम खरी आहे.

२००१ च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिमांवर पाळत ठेवणारी यंत्रणा उभारली. मशिदी, हॉटेलं, पुस्तकांची दुकानं, विद्यार्थी संघटना, सगळ्यांच्या नोंदी झाल्या. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी २०११ मध्ये हे उघड केलं. सिटी कॉलेजची मुस्लिम मुलं २००८ मध्ये नदीवर राफ्टिंगला गेली, तेव्हा त्यांच्यात एक वेषांतर केलेला पोलीस होता. मुलांनी दिवसात किती वेळा नमाज पढली हे त्यानं लिहून ठेवलं. एवढं करून हाती काय आलं? ‘डेमोग्राफिक्स युनिट’ नावाच्या पथकाच्या कामातून सहा वर्षांत दहशतवादी कटाचा एकही धागा सापडला नाही, हे पोलीस अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं. २०१४ मध्ये ते पथक बंद झालं.

पण ते बंद कशानं झालं? पत्रकारांनी कागद बाहेर काढले आणि लोक कोर्टात गेले म्हणून. न्यूजर्सीच्या मुस्लिमांनी २०१२ मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टानं तो २०१४ मध्ये फेटाळला, अपील न्यायालयानं २०१५ मध्ये तो जिवंत केला आणि २०१८ मध्ये शहराला तडजोड करावी लागली. त्या दाव्यातले पहिले वादी स्वतः अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातले मुस्लिम सैनिक होते. न्यूयॉर्कमधला दुसरा दावा लढवण्यात सिटी युनिव्हर्सिटीच्या विधी महाविद्यालयातला एक प्रकल्प पुढं होता. त्या तडजोडीतून चौकशांवर बंधनं आली आणि पोलिसांच्या समितीत बाहेरचा नागरी प्रतिनिधी बसला. ज्या विद्यापीठाच्या मुलांवर पाळत ठेवली गेली, त्याच विद्यापीठाचे वकील ती पाळत कोर्टात घेऊन गेले. मग आमचा भाचा नेमका कुणाच्या पंगतीला बसतोय?

व्यवस्थेकडे पाठ फिरवून ती तुमचा नाद सोडत नाही. हे सांगायला अमेरिकेला जायची गरज नाही. २०१५ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कच्च्या कैद्यांमध्ये मुस्लिम २०.९ टक्के होते आणि शिक्षा झालेल्यांमध्ये १५.८ टक्के. लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केला, त्यालाही आता दशक उलटून गेलं. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेली मुस्लिम मुलं २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली. अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षं आत होते. २०१५ मध्ये निर्दोष सुटले, तेव्हा त्यांनी तुरुंगातच कायद्याची पदवी घेतली होती. शाहिद आझमींनी तिहार तुरुंगात वर्षं काढली, बाहेर येऊन ते वकील झाले, गरिबांचे खटले लढले आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

आपण या दोघांची नावं अभिमानानं घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण त्या अभिमानाआड आपण एक लाजिरवाणी गोष्ट लपवतो. आपल्या पोरांना कायदा शिकायला कोठडीत जावं लागलं. बाहेर असताना त्यांना तो शिकवावा, असं आपल्याला वाटलं नाही. जमातीचा निधी वैद्यकीय प्रवेशाला मिळतो, इंजिनियरिंगच्या फीला मिळतो. फौजदारी कायदा, गुन्हेशास्त्र, न्यायसहाय्यक विज्ञान शिकणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. मग एका रात्री मोहल्ल्यात गाडी येते, आणि आपण डॉक्टरला फोन लावून विचारतो, “एखादा चांगला वकील ओळखीचा आहे का?”

मी असं म्हणत नाही की एका पदवीनं पोलीस सुधारतात. वर्दी घातलेला प्रत्येक मुस्लिम न्यायी निघेल, असंही नाही. भाचा उद्या पोलीस झाला आणि कुणा निरपराधावर खोटा अहवाल लिहिला, तर याच ठिकाणी मी त्याच्याविरुद्ध लिहीन. पण तो शिकायलाच जाऊ नये, हा सल्ला भेकडपणाचा आहे.

ऑगस्टअखेर त्याचं कॉलेज सुरू झालं. परवा फोनवर सांगत होता, “मामू, गिडियन नावाच्या एका गरीब कैद्यानं तुरुंगातून पेन्सिलीनं सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये तो जिंकला. तेव्हापासून गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारनं वकील द्यावा लागतो.” मी विचारलं, “आणि तुझे सगळे विषय जॉन जेमध्ये मोजले जाणार, त्याचा कागद?” म्हणाला, “घेतलाय, अम्मीकडे ठेवलाय.”

बहिणीला मी सांगितलं, आपा, लोकांनी विचारलं तर तोच कागद दाखव.