पिकअपवाल्यांची कंबर आणि गाडीचे शॉकअप

कंबर धरून दवाखान्यात आलेल्या माणसाला डॉक्टर सहसा तीन प्रश्न विचारतात. पडलात का, वजन उचलले का, आणि काम काय करता? ‘पिकअप चालवतो’ असे उत्तर आले की बहुतेक ठिकाणी चौकशी तिथेच संपते. गोळ्या, मलम आणि कमरेचा पट्टा लिहून दिला जातो आणि रुग्ण तोच पट्टा बांधून पुन्हा त्याच गाडीवर बसतो. आमचे मत असे की, खरी चौकशी तिथून पुढे सुरू व्हायला हवी. गाडी कोणती? मागचे पाटे किती? शॉकअप शेवटचे कधी बदलले? परतीच्या खेपेला गाडी रिकामी येते का? हे प्रश्न गॅरेजवाल्याने विचारायचे, डॉक्टरचा त्यात काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण मणक्याला बसणारे धक्के गाडीतूनच येतात, तेव्हा गाडीची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे.

आपला पाटोदा तालुका बालाघाटच्या पठारावरचा. डोंगरकिन्ही, अंमळनेर, सौताडा, नायगाव कुठेही जा. घाट, वळणे, खडी आणि गावोगावचे गतिरोधक चुकत नाहीत. दूध, कांदा, भाजी, बाजारच्या शेळ्या, खताची पोती हे सारे आता पिकअपमधून जाते. २००५ साली टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला आणि तरुण मुलांच्या हाती स्वतःची गाडी आली. कर्ज फेडायचे म्हणून ही मुले दिवसाकाठी आठ-दहा तास स्टिअरिंगवर असतात. पंचविशीतला मुलगा कमरेतून वाकून चालतो, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही.

शरीरात काय होते ते आधी पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिला मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. आजूबाजूच्या हाडातून झिरपून येईल त्यावरच तिचे पोषण. तासन्तास बसून राहिले की तिच्यावर दाब राहतो, आणि त्यात वरखाली हादरे बसत असले की पाठीचे स्नायू न थांबता आखडत-सुटत राहून थकतात. या हादऱ्यांचा एक वेग विशेष वाईट असतो. सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा वरखाली होणारा कंप बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त बाधतो, कारण धडाची स्वतःची डोलण्याची गती त्याच्याच आसपास आहे. झोक्याला नेमक्या वेळी हात लावला की तो जसा उंच जातो, तसेच इथे मणक्यांचे होते. अमेरिकेत जेनिफर केल्सी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवण्यात घालवणाऱ्या पुरुषांत कमरेची गादी सरकण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला होता. युरोपात २००२ पासून याचा कायदाच आहे. कामगाराला दिवसभरात किती कंप सोसायला लावता येईल, याची मर्यादा त्यात आकड्यांत दिली आहे. आपल्याकडे ड्रायव्हरच्या कमरेची मर्यादा ठरते ती ड्रायव्हरच्या सहनशक्तीवर.

आता गाडीकडे येऊ. भरलेल्या पिकअपपेक्षा रिकामी पिकअप जास्त आपटते, हे ड्रायव्हर मंडळींना पक्के ठाऊक असते, पण कारण विचारले तर ‘वजन नाही ना’ एवढ्यावर बोलणे संपते. कारण असे आहे: मागचे पाटे एक-दीड टन माल पेलावा म्हणून ताठ बनवलेले असतात. पाटा तोच ठेवून त्यावरचे वजन चौथाई केले, तर गाडीच्या मागच्या भागाच्या उसळण्याचा वेग दुप्पट होतो. चांगली मोटारगाडी सेकंदाला एक ते दीड वेळा संथपणे झुलते. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मात्र वर सांगितलेल्या त्या वाईट वेगाच्या जवळ जाऊन पोचते. म्हणजे माल उतरवून हलक्या मनाने घरी परतताना कंबर जास्त मार खाते.

आणि यावर आपल्याकडे उपाय काय केला जातो? पाटा वाढवतात! गाडी बसते, मागून लवते, म्हणून आणखी एक-दोन पाटे टाकून घ्यायचे आणि परवान्यापेक्षा जास्त माल भरायचा. भरलेली गाडी त्याने सरळ उभी दिसते खरी, पण परतीच्या वाटेवर तीच गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेला ओटा. पाटा वाढवण्याची ही रीत आम्हाला साफ नापसंत आहे. त्यातून मिळणारे चार पैसे पुढे एमआरआयच्या काउंटरवर मोजावे लागतात.

शॉकअपबद्दलही गैरसमज फार. शॉकअप वजन पेलत नाही, वजन पाटे पेलतात. पाटा दबला की सुटणारच, आणि सुटला की पुन्हा दबणार. ही उसळी मारून टाकणे एवढेच शॉकअपचे काम. नळीत तेल असते, दट्ट्या त्यात वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि उसळीची ताकद उष्णतेत जाते. म्हणूनच खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबल्यावर शॉकअपला जपून हात लावून पाहावा. चालू शॉकअप कोमट किंवा गरम लागतो. चौघांतला एखादा थंडच राहिला असेल तर तो मेलेला आहे असे समजा. नळीवर तेलाचा ओघळ, रबरी बुश झिजल्याचा खडखडाट, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे या बाकीच्या खुणा. पाटोद्याच्या बाजारात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपच्या खाली वाकून पाहा, तेलाचे ओघळ सहज दिसतील.

आता बदलता येणाऱ्या शॉकअपविषयी. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपला पाच खाचा असतात, डबलसीट असले की मेकॅनिक एक खाच वाढवून देतो, हे सर्वांना माहीत आहे. तिथे फक्त स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते बदलते; तेलाचा मार्ग तसाच राहतो. गाडीच्या बदलत्या शॉकअपमध्ये गुंडी फिरवली की तेलाचाच मार्ग रुंद किंवा अरुंद होतो. अमेरिकेतल्या रांचो कंपनीच्या एका प्रसिद्ध शॉकअपला अशा नऊ पायऱ्या आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या मालवाहू पिकअपला कंपनीकडून साधेच शॉकअप येतात, बदलते हवे असतील तर वेगळे बसवावे लागतात आणि ते बरेच महाग पडतात. ज्याची गाडी एका बाजूने भरून आणि दुसऱ्या बाजूने रिकामी धावते, त्याला तो खर्च परवडतो असे आम्हाला वाटते. बाकीच्यांनी साधे शॉकअप वेळेवर बदलले तरी पुष्कळ झाले.

बसवल्यावर मात्र ‘घट्ट म्हणजे मजबूत’ या समजुतीने सगळ्या गुंड्या शेवटपर्यंत पिळू नयेत. इथेच बहुतेकांची फसगत होते. शॉकअप फार घट्ट केला की दबलेला पाटा वेळेत सुटू शकत नाही. तो पुरता वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग त्याच्या पुढचा. खडीच्या रस्त्यावर गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी रबरी गुटक्यावर आपटू लागते. ड्रायव्हरला वाटते शॉकअप नरम आहे, म्हणून तो आणखी पिळतो आणि धक्के आणखी वाढतात. उलट फार सैल ठेवला तर एका गतिरोधकानंतर गाडी तीन-चार वेळा डोलते आणि घाटात वळणावर अंगावर येते.

जुळवणी करायची तर आधी टायरची हवा. दारावर किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी जी हवा लिहिलेली असते, तीच ठेवावी. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवणे म्हणजे टायरची गादी काढून घेणे आहे. मग चारही शॉकअप सर्वांत सैल पायरीवर आणावेत. रोजच्या पायाखालचा चार-पाच किलोमीटरचा खराब रस्ता निवडावा आणि त्याच वेगाने, त्याच ओझ्याने जाऊन यावे. मग मागची जोडी दोन पायऱ्या घट्ट करून पुन्हा तोच रस्ता. डावा आणि उजवा नेहमी सारखाच ठेवायचा, एका वेळी एकच जोडी बदलायची. गतिरोधक उतरल्यावर गाडी एकदा डोलून शांत झाली की तिथे थांबावे. बारीक खडीचा कंप सीटमधून जास्त जाणवू लागला तर एक पायरी मागे यावे. भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची पायरी वेगळी येईल. दोन्ही वहीत लिहून ठेवाव्यात. माल उतरवल्यावर गुंडी परत सैल करायला दोन मिनिटे लागतात, आणि महागडे शॉकअप घेऊनही नेमका हाच कंटाळा केला जातो. आपल्या ढुंगणावर विश्वास नसेल त्यांनी मोबाईलवर कंप मोजणारे अॅप लावून फोन सीटला घट्ट बांधून पाहावा. आकडा अचूक येणार नाही, पण दोन पायऱ्यांतला फरक कळतो.

एक सवय मात्र फुकट लावून घेता येते. गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उडी मारतो आणि लगेच कांद्याची गोणी पाठीवर घेतो. तास-दोन तास हादरे खाल्लेले पाठीचे स्नायू त्या वेळी सुस्त असतात, वजन आल्यावर वेळेवर आवळत नाहीत, आणि सगळा भार गादीवर जातो. पाच-दहा मिनिटे फिरावे, चहा घ्यावा, मग गोणीला हात लावावा. मालाचा मालक घाई करणारच, त्याला करू द्यावी.

आतापर्यंत सीटवर बसलेल्या माणसाचे झाले. त्याच्याखाली निदान फोम असतो. मागे हौद्यात पत्र्यावर बसलेल्यांचे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे ट्रक, ट्रॅक्टर आणि पिकअपमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भांडीकुंडी, लेकरे, म्हातारी माणसे फाळक्याला टेकून रात्रभर बसतात. सर्वांत वाईट जागा मागच्या चाकांच्या वर आणि त्याच्याही मागे. नेमकी तीच बायकांच्या वाट्याला येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर शॉकअप नावाची वस्तूच नसते.

इथे आपल्या जिल्ह्याचे एक वेगळे दुखणे आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी पुढे आणली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. त्या शस्त्रक्रियांची चर्चा पुष्कळ झाली. हाडांची चर्चा फारशी झाली नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोषही काढले असतील तर पाळी जाण्याच्या वयाआधीच शरीरातले इस्ट्रोजेन एकदम घटते आणि हाडे लवकर विरळ होऊ लागतात. अशी स्त्री चाळिशीत असली तरी तिचा मणका साठीचा असू शकतो. गतिरोधकावरून गाडी उडाली आणि ती पत्र्यावर दाणकन बसली, तर छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथला मणका दबून मोडू शकतो. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २००५ साली गतिरोधकावरून वाहन उडाल्याने मणके मोडलेल्या प्रवाशांची नोंद प्रसिद्ध केली आहे. तिथे निदान बसायला बाक होते. गर्भारपणाविषयी वेगळे काय सांगावे? युरोपात १९९२ च्या नियमावलीत गर्भवती कामगार स्त्रीला असलेल्या जोखमींच्या यादीत धक्के आणि कंप यांचा उल्लेख आहे.

म्हणून स्पष्ट लिहितो. कितीही भारी शॉकअप बसवले तरी मालाचा हौदा माणसांच्या बसण्यालायक होत नाही. गुंडीची पायरी ड्रायव्हरच्या कमरेसाठी आहे, ती माणसे भरण्याचा परवाना नव्हे. कायदाही हेच सांगतो. मालाच्या गाडीतून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या प्रवाशाला अपघात झाला, तर त्याच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली दिलेला आहे. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच त्याला अपवाद. वऱ्हाडाला, जत्रेला, दसऱ्याला सावरगाव घाटाला पिकअप भरून नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुकादमाशी उचल ठरवताना आकड्याची घासाघीस दिवसभर चालते. बायका, लेकरे आणि म्हातारी माणसे बसने जातील आणि सामान गाडीने जाईल, एवढे एक वाक्य त्यात घालायला हरकत नसावी. बसभाडे कोणी द्यायचे यावर भांडण होईल, हे मान्य. ते भांडण करण्यासारखे आहे.

धक्का बसल्यावर पन्नाशीपुढच्या माणसाच्या किंवा गर्भाशय काढलेल्या बाईच्या पाठीत एकदम कळ आली आणि उठता-बसता ती वाढत असेल, तर चोळणे, शेकणे, पाठीवर पाय देणे यातले काही करू नये. एक्स-रे काढून घ्यावा. गर्भवती स्त्रीच्या पोटात कळा आल्या किंवा अंगावरून जाऊ लागले तर तातडीने रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला सपाट आडवे ठेवावे. गाडी दारात उभी आहे म्हणून त्याला पिकअपच्या हौद्यात घालून आणू नये.