पाच वाक्यांचे पत्र, सहाशे आठ उद्धरणे

एखाद्या संशोधकाची थोरवी सांगताना दोन आकडे हमखास पुढे केले जातात : त्याचे निबंध किती, आणि इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा दाखला किती वेळा दिला. या दाखल्यास उद्धरण म्हणतात. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील उद्धरणांची सूची प्रसिद्ध केली, ती पूर्वीचे संबंधित लेखन शोधणे सुलभ व्हावे म्हणून. पुढे याच सूचीची तागडी झाली आणि तीत माणसे तोलली जाऊ लागली. ही तागडी नेमके काय तोलते, हे औषधशास्त्रातील एका लहानशा पत्राच्या इतिहासावरून उमगते.

अमेरिकेतील बोस्टन येथे १९६६ पासून औषधांच्या परिणामांवर लक्ष ठेवणारा एक मोठा उपक्रम चालत असे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास कोणते औषध दिले आणि त्याचा कोणता परिणाम दिसला, याची त्यात काटेकोर नोंद होई. या उपक्रमातील वैद्यक संशोधक हर्शेल जिक आणि त्यांच्या सहकारी जेन पोर्टर यांनी त्या नोंदी पाहून एक पत्र लिहिले. १० जानेवारी १९८० रोजी ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात छापले गेले. पत्रात वाक्ये अवघी पाच. अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांमध्ये व्यसनाची खात्रीलायक नोंद केवळ चौघांची आढळली, एवढेच त्यात म्हटले होते.

विधान खोटे नव्हते. पण त्याला कुंपण होते. हे सारे रुग्णालयात दाखल असलेले, परिचारिकांच्या देखरेखीखालील रुग्ण. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात एक अक्षरही नव्हते.

१९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही तीव्र वेदनाशामक गोळी अमेरिकेच्या बाजारात आली आणि त्यानंतर या जुन्या पत्राची उद्धरणे झपाट्याने वाढली. कॅनडातील औषधशास्त्रज्ञ डेव्हिड जुरलिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ही सर्व उद्धरणे एकेक करून तपासली. ती भरली ६०८. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात आलेल्या अन्य पत्रांचा मध्यांक होता केवळ ११. त्या ६०८ लेखकांपैकी ४३९ जणांनी, म्हणजे सुमारे ७२ टक्क्यांनी, व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून पत्राकडे बोट दाखविले. आणि ४९१ जणांनी, म्हणजे सुमारे ८१ टक्क्यांनी, ते रुग्ण रुग्णालयातील होते हे सांगितलेच नाही. एकाने दुसऱ्याचे वाचून लिहावे, तिसऱ्याने दुसऱ्याचे, आणि मूळ पाच वाक्ये कोणी उघडूनही पाहू नयेत, असा संशय यावा इतके हे प्रमाण मोठे आहे.

या निष्काळजीपणाची किंमत कागदावर राहिली नाही. गोळीच्या उत्पादकाने व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचे २००७ साली न्यायालयात मान्य केले. १९९९ ते २०१९ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने अमेरिकेत जवळजवळ पाच लाख माणसे दगावली. त्यात बाजारातील अवैध द्रव्यांचाही मोठा वाटा होता आणि सारा दोष एका पत्राच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण डॉक्टरांची भीड चेपण्यास त्या पत्राचे नाव कामी आले, हे नाकारता येत नाही. आपल्या पत्राचा असा उपयोग झाल्याची खंत जिक यांनीही पुढे व्यक्त केली. त्या नियतकालिकाने आता संकेतस्थळावर पत्राच्या माथ्यावरच वाचकांना सावध करणारी टीप जोडली आहे.

उद्धरणांचा आकडा एखादे लेखन किती हातांतून गेले ते सांगतो. किती डोळ्यांनी ते वाचले, ते सांगत नाही. म्हणून ‘संशोधनाने सिद्ध’ ही अक्षरे औषधाच्या जाहिरातीत दिसली, की प्रत्येक घरातील जाणत्याने तीन प्रश्न विचारावेत : हे कोणत्या रुग्णांवर पाहिले? किती दिवस पाहिले? आणि आपल्या घरचा रुग्ण त्यांच्यासारखा आहे काय? उत्तरासाठी डॉक्टरांना दोन मिनिटे अधिक थांबवावे लागले, तरी संकोच करू नये. आणि चालू असलेले औषध मात्र त्यांना विचारल्यावाचून बंद करू नये.